सहावं फोल्डर

१

पाच फोल्डर आली, सहावं आलं नाही. जे आलं नाही ते नेमकं माळवस्तीच्या पाण्याचं होतं, म्हणून माळवस्तीनं आपल्याच पोरीला तोंडावर चोर म्हटलं.

राजेश्वरीला हे कळलं शुक्रवारी सकाळी, दुकानाचं शटर वर करताना. बारामतीत भिगवण रस्त्याला तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तोंड फटकळ आणि हात बिनचूक, अशी तिची ख्याती. गिऱ्हाईक शहाणपणा शिकवायला लागलं की ती स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात देते आणि म्हणते, "करा तुम्हीच." संध्याकाळी मागच्या खोलीत ती मुलींचा संगणकाचा क्लास घेते. त्यातली प्रतिक्षा शटरपाशी पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले, ओढणीला चिखल.

"ताई, म्या काय केलं न्हाय."

"आधी आत ये, पाणी पी. मग सांग, काय काय केलं नाहीस ते."

प्रतिक्षा शेळगावच्या पलीकडं एका उपसा सिंचन संस्थेत संगणक ऑपरेटर होती. संस्था पंपानं पाणी उचलते आणि सहा व्हॉल्व्हवरून शेतांना पाळीपाळीनं सोडते. पहिले पाच व्हॉल्व्ह उसाच्या मळ्यांत. सहावा पार शेपटाला, माळवस्तीवर. तिथली माणसं एके काळी मेंढरं घेऊन फिरायची, आता दोन-दोन एकरांत डाळिंब आणि बाजरी करतात. संस्थेचा अध्यक्ष दत्तोबा म्हणत होता की वस्तीला पाळी कधी नव्हतीच, पाणी दिलं ती मेहेरबानी. सोमवारी इंदापूरला पाटबंधारे खात्याच्या साहेबांपुढं सुनावणी होती. वस्तीला दहा वर्षं पाळी मिळत होती याचा पुरावा एकच, पाळीच्या जुन्या वह्या. त्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, पण त्याआधी पानंपानं स्कॅन करून संगणकात ठेवलेली होती. तेच ते सहावं फोल्डर.

"जुनं मशीन लिनक्सचं हाय," प्रतिक्षा म्हणाली. "नवं विंडोजचं आलं. धा तारखेला म्या सगळं पेनड्राइव्हवरनं नव्यावर नेलं. पेनड्राइव्ह बारका, म्हणून एकेक फोल्डर उघडायचं, आतलं सगळं निवडायचं, न्यायचं, उतरवायचं."

"मोजलंस?"

"काय?"

"किती होती आणि किती आली."

पोरगी ओढणीवरचा चिखल नखानं खरवडायला लागली.

"पहिल्याच दिवशी घसा फोडून सांगितलं होतं ना मी! एका घरातलं सामान दुसऱ्या घरात नेताना बाई भांडी मोजते. तू दहा वर्षांचं पाणी नेत होतीस." राजेश्वरी बोलून गेली, आणि पोरीचा चेहरा बघून तिला आपल्याच जिभेचा राग आला. "बरं. पुढं?"

बुधवारी फोल्डर सापडेना, तेव्हा सगळे जुन्या मशीनपाशी गेले. तिथंही पाचच. मग शंभूराज सरांनी जुन्या मशीनच्या पडद्याचा फोटो काढून वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शंभूराज वस्तीतलाच, गावच्या हायस्कूलात कंत्राटी संगणक शिक्षक आणि अलीकडं वस्तीचा पुढारी. फोटोत स्पष्ट दिसत होतं: 'पाळ्या' या मोठ्या फोल्डरात शेवटचा बदल झाला नऊ तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी ऑफिसात प्रतिक्षा एकटीच होती.

"काल आबांनी बिरोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलायला लावला," ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील, आबाजी. "हापिसात येनं-जानं असलेली वस्तीतली आमी दोघंच, म्या आन सर. म्या भंडारा उचलून म्हटलं, फोल्डर म्या घालवलं न्हाय, लपवलं न्हाय, कुनाला दिलं न्हाय."

"आणि सर?"

"सर म्हनले, नऊ तारखेला बारा वाजून धा मिन्टाला मी त्या हापिसात न्हवतो, बिरोबाची आन."

"मग?"

"मग सरांचं खरं धरलं. माझं न्हाय." तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "आबा उठून गेलं. संस्थेच्या बोर्डावर वस्तीची एक जागा असती, ती औंदा आबांस्नी द्यायचं ठरलेलं. तेबी मोडलं. ताई, आईनं काल ताट वाढलं ते उंबऱ्याभायेर."

राजेश्वरीनं शटर पुन्हा खाली ओढलं आणि स्कूटीची किल्ली घेतली.

२

संस्थेच्या ऑफिसात तिला कुणी बस म्हटलं नाही. चहाचं तर नावच नको. दत्तोबानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"कुनी बोलावलं तुमास्नी?"

"माझ्या विद्यार्थिनीनं."

"त्या पोरीला कामावरनं काढलीया. आन वस्तीचं फोल्डर गेलं तर मला काय त्याचं सुतक न्हाय, सरळच सांगतो. पर मी घालवलं न्हाय. नऊ तारखेला सकाळपास्नं मी माळेगावला, कारखान्यावर होतो. घरला आलो आठाला. पन्नास मानसं सांगतील."

"मग जुनं मशीन दाखवायला भीती कसली?"

'भीती' हा शब्द दत्तोबाला झोंबला. "बघा की! चालू करा, बघा आन निघा. उद्या ते शाळेत जानार हाय. शंभूराजनं सहा तारखेलाच अर्ज दिलाय त्याच्यासाठी."

मशीन मागच्या खोलीत खताच्या गोण्यांमध्ये ठेवलं होतं. जुना, जड, पिवळा पडलेला मॉनिटर. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेल्या खंडोबाचं स्टिकर, कडा काळ्या पडलेल्या. राजेश्वरीनं मशीन सुरू केलं. 'पाळ्या' उघडलं. पाच फोल्डर, पाचही उसाच्या मळ्यांची. बदलाची वेळ, नऊ तारीख, बारा दहा. फोटोत होती तीच.

दाराशी साखरबाई झाडू घेऊन उभी होती. ऑफिसाची झाडलोट आणि किल्ली तिच्याकडं.

"नऊ तारखेला दुपारी इथं कोण होतं?" राजेश्वरीनं विचारलं.

"अध्यक्ष न्हवतं. मी बारा ते एक घरला. पोरगी एकलीच." साखरबाईनं झाडू आपटला. "गरीब वाटायची. आता कुनाचं काय सांगावं!"

ती गेली तशी राजेश्वरीनं की-बोर्डवर दोन कळा एकदम दाबल्या. लिनक्सची एक रीत आहे. फोल्डरच्या नावाआधी नुसतं एक टिंब दिलं, की ते डोळ्याआड होतं. पुसलं जात नाही, हलत नाही, फक्त दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते 'सगळं निवडा' म्हटलं तरी निवडलं जात नाही. त्या दोन कळांनी लपलेलं दिसायला लागतं.

पडद्यावर सहावं फोल्डर उगवलं. आत दहा वर्षांच्या वह्या, पानंपानं. नावाआधी एक टिंब.

पुढच्या खोलीत दत्तोबा फोनवर कुणाला तरी शिव्या देत होता. राजेश्वरीनं घाई केली नाही. फायली सुट्ट्या नेल्या तर नव्या जागी त्यांच्या जुन्या तारखा जाऊन आजच्या बसू शकतात, आणि मग सोमवारी कुणीही म्हणेल की ही पानं काल बनवली. म्हणून तिनं सगळ्या फायलींचा तारखांसकट एकच गठ्ठा बांधला, तो आपल्या पेनड्राइव्हवर घेतला आणि उघडून मोजला. तीनशे बारा इथं, तीनशे बारा तिथं. मशीनवरचं फोल्डर तिनं होतं तसंच लपलेलं ठेवलं. फोल्डर सापडलं एवढंच सांगितलं, तर लपवणारा मजेत सुटेल आणि पोरगी जन्मभर चोरच राहील.

मग तिच्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली आणि ती गोणीवरच बसली. बारा दहा ही वेळ टिंब देण्याची होती. बारा दहाला प्रतिक्षा एकटी होती. आणि टिंबाची ही युक्ती गेल्याच महिन्यात तिला क्लासात कुणी शिकवली होती?

राजेश्वरीनं. स्वतः.

३

प्रतिक्षा कालव्याच्या भिंतीवर वाट बघत होती. राजेश्वरीनं स्कूटी स्टँडवर लावली नाही, तशीच बसून विचारलं.

"टिंब तू दिलंस?"

पोरगी आधी समजली नाही. समजली तेव्हा भिंतीवरून खाली उतरली.

"गावलं? ताई, गावलं व्हय?"

"आधी उत्तर."

"तुमीबी?" प्रतिक्षाचे डोळे एकदम कोरडे झाले. "वस्ती म्हनती, आई म्हनती, आता तुमीबी. ती युक्ती क्लासात पंधराजनींनी लिवून घेतली. शंभूराज सर नववीच्या पोरास्नीबी दावतात. आन म्या लपवलं असतं, तर तुमच्या दारात कशाला आली असती? तुमाला गावनार हे काय मला ठावं न्हवतं?"

हे बोलणं राजेश्वरीला पटलं. पण पटणं आणि सिद्ध होणं यांत फरक असतो, आणि वस्तीला सिद्धच हवं होतं. माफी मागायची तिला सवय नव्हती. "बस मागं," एवढंच ती म्हणाली.

"न्हाय. चालत जाते मी," प्रतिक्षा म्हणाली, आणि खरंच चालत गेली.

वस्तीच्या तोंडाशी चार बायका हंडे घेऊन आडव्या आल्या. पुढं होती तानूबाई, प्रतिक्षाची आई.

"वकिली कराय आलाय व्हय? पोरगी माझ्या पोटची, तरी मी सांगते, जावा माघारी. आमचं घर हितं राह्यचं हाय."

"मी शंभूराज सरांना भेटायला आलेय," राजेश्वरी म्हणाली, तेव्हा कुठं वाट मिळाली. पाठीमागून एक ढेकूळ आलं आणि स्कूटीच्या मडगार्डवर फुटलं. कुणी मारलं ते तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर गाडी थांबवून भांडली असती.

शंभूराजनं मात्र खुर्ची दिली. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला भंडारा, बोलणं शाळेतलं.

"मॅडम, मुलगी तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्हाला वाईट वाटणारच. पण पुरावा पुरावा असतो."

"तुम्ही त्या दिवशी कुठं होतात?"

"शाळेत. साडेदहा ते पाच, हजेरीपत्रक बघा. संस्थेच्या ऑफिसात मी पाऊल ठेवतो ते साडेपाचनंतरच. शाळेचा प्रिंटर बंद पडलाय, तिथं छापून घेतो. नऊ तारखेलाही चाचणीचे पेपर छापले आणि सव्वासहाला किल्ली साखरबाईकडं दिली. विचारा तिला." तो हसला. "दुपारशी माझा संबंधच नाही."

"मग भंडारा उचलून नुसतं 'मी फोल्डर लपवलं नाही' एवढं म्हटलं असतंत तरी चाललं असतं. बारा वाजून दहा मिनिटं कशाला मध्ये आणलीत?"

शंभूराजनं शर्टाची बाही सरळ केली. "शिक्षक माणूस मी. नेमकं बोलायची सवय." मग उठून तो म्हणाला, "उद्या ते मशीन मी शाळेत नेतोय. रात्रंदिवस बसेन त्याच्यापुढं. रविवारी देवळापुढं वस्तीची बैठक आहे. बिरोबाच्या मनात असलं, तर फोल्डर वस्तीसमोरच सापडेल."

राजेश्वरी बाहेर पडली ती दात आवळूनच. ज्याला फोल्डर कुठं आहे ते ठाऊक नाही, तो ते सापडण्याचा वार आणि जागा कशी ठरवतो?

पण बारा दहाला हा गृहस्थ खरोखरच शाळेत होता. परतताना तिनं शाळेत थांबून हजेरीपत्रक पाहिलं. सही होती.

४

शनिवारी ती सुप्याला गेली. त्या जुन्या मशीनला पहिल्यापासून ओळखणारं माणूस एकच होतं, कुंडलिकतात्या. संस्थेचे जुने सचिव. वह्या त्यांनीच स्कॅन केल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून ते सुप्याला लेकीकडं राहत होते आणि जगावर चिडलेले होते.

"आता आठवन झाली व्हय तात्याची?" त्यांनी अंगणातूनच सुनावलं. "नवं मशीन घेतलं तवा कुनी इचारलं न्हाय. जुन्याला काय धाड भरली होती? फुकटात लिनक्स बसवून घेतलं होतं मी पुन्याच्या पोरांकडनं. बारा वर्सं एक दिवस बंद न्हवतं."

"तात्या, तुमची एकही फाइल गेली नाही. मी मोजल्यात. तीनशे बारा."

म्हाताऱ्याचा चेहरा जरा सैल झाला. "तीनशे बाराच हायत्या. बसा."

तिनं टिंबाचं सांगितलं, वेळेचं सांगितलं. तात्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या काळात असलं काही नव्हतं. निघता निघता, केवळ पोरीच्या काळजीनं तोंड कडू झालं होतं म्हणून, राजेश्वरी चेष्टेनं म्हणाली, "एवढा भक्तिभाव होता, तर देवाला पडद्याच्या कोपऱ्यात कशाला बसवलंत तात्या? मधोमध बसवायचा."

"भक्ती कसली घेऊन बसलाय!" तात्या खेकसले. "त्या कोपऱ्यात घड्याळ हाय मशीनचं. लबाड घड्याळ. बसवनाऱ्या पोरांनी मुलूखच निवडला न्हाय, ते पार इंग्लंडच्या टायमावर चालायचं. सुधरावं तर इंटरनेट लागलं की पुन्यांदा माघारी. शेतकरी हापिसात यायचं, पडद्यावरचा टाइम बघायचं आन पाळीला उशिरा जायचं. एकदा मारामारी झाली त्याच्यापायी. मग चिकटवला खंडोबा. देवावर कोन बोट ठेवतंय? झाली कटकट बंद."

राजेश्वरी उभी होती ती पुन्हा खाली बसली.

"किती मागं, तात्या?"

"साडेपाच तास. बरोब्बर."

तिनं बोटांवर मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं, कारण मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही हे ती पोरींना शिकवत होती. मग तिनं पर्समधून आपल्या क्लासचं हजेरीपुस्तक काढलं, नऊ तारखेचं पान उघडलं, आणि तात्यांच्या अंगणात एकटीच मोठ्यानं एक अस्सल बारामतीची शिवी हासडली.

५

रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं सगळी वस्ती जमली होती. बाप्ये घोंगड्यांवर, बायका लिंबाखाली. प्रतिक्षा सगळ्यांपासून दूर, दीपमाळेच्या पलीकडं उभी होती. तिच्या शेजारी सावली होती, तरी कुणी बसलं नव्हतं. आबाजी पुढं बसले होते, पांढऱ्या मिशा, नजर जमिनीला.

देवळाच्या ओट्यावर शंभूराजनं ते जुनं मशीन मांडलं होतं. पुजाऱ्याच्या घरातून वायर ओढली होती.

"मंडळी," तो म्हणाला, "दोन दिवस मी झोपलो नाही. ज्यांनी आपलं पाणी चोरायचा डाव केला, त्यांना वाटलं वस्तीत अक्कल नाही. बघा!"

त्यानं दोन कळा दाबल्या. सहावं फोल्डर उगवलं.

एकच कल्लोळ झाला. भंडारा उधळला गेला, कुणी तरी ढोलावर थाप टाकली. "शंभूराज सरांना बोर्डावर घ्या!" मागून आवाज आला, आणि चार जणांनी तो उचलून धरला. तानूबाईनं पदर तोंडाला लावला. आबाजी तसेच बसून राहिले.

राजेश्वरी ओट्यापाशी गेली. "अभिनंदन सर. फोल्डर पुसलं नव्हतं, नुसतं लपवलं होतं. टिंब देऊन. बरोबर?"

"बरोबर. ज्याला संगणक येतो त्याचंच काम." त्यानं दीपमाळेकडं पाहिलं, आणि त्याच्यामागोमाग सगळ्यांनी पाहिलं.

"आणि ते टिंब दिलं नऊ तारखेला, बारा दहाला. फोटोत होती तीच वेळ."

"शंभर टक्के."

"त्यातला एक टक्का कमी करा." ती वळली. "आबा, जरा वर या. हा खंडोबा पडद्यावरून काढायचाय. देव आहे, हात तुमचा लागू दे."

आबाजी उठले. कुरकुरले नाहीत, पण तिच्याकडं पाहिलंही नाही. अंगठ्याच्या नखानं त्यांनी स्टिकरची कड सोडवली आणि हळूहळू देव उचलून आपल्या घोंगडीला लावला. खाली काच स्वच्छ निघाली. कोपऱ्यात आकडे चमकत होते.

"काय वाजलेत, आबा?"

"पाच वाजून पाच." आबाजींनी वर सूर्याकडं पाहिलं. "आता? हितं?"

"आणि तुमच्या मोबाइलवर?"

त्यांनी कोपरीच्या खिशातून फोन काढला. "धा पस्तीस."

पुढच्या चार-पाच जणांनी आपापले फोन काढून पाहिले.

"हे मशीन बारा वर्षं साडेपाच तास मागं चालतंय," राजेश्वरी म्हणाली. "कुंडलिकतात्यांना विचारा, फोन लावून देते. फायलींवर ते जी वेळ दाखवतं, तीही साडेपाच तास मागचीच. म्हणजे पडद्यावर बारा दहा दिसतं, तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे पाच चाळीस झालेले असतात. नऊ तारखेला प्रतिक्षा पाच पाचच्या एसटीनं निघाली आणि सहा वीसला बारामतीत माझ्या क्लासात तिनं सही केली. हे पुस्तक. दत्तोबा माळेगावहून आठला परतले. मग पाच चाळीसला ऑफिसात कोण होतं? सर, तुम्हीच सांगितलंत मला. साडेपाचला गेलात, सव्वासहाला किल्ली दिलीत. साखरबाईला मी काल विचारलं, तीही तेच सांगते, आत दुसरं कुणी नव्हतं."

"छापत होतो मी!" शंभूराजचा आवाज चढला. "पेपर छापत होतो. मशीन कुणीही..."

"एकटेच होतात. मशीन मागायचा अर्ज तुम्ही सहा तारखेला दिलात, फोल्डर हरवायच्या तीन दिवस आधी. म्हणजे ते तुमच्याच हातात येणार आणि तुम्हालाच सापडणार. पाणीही राहिलं असतं, बोर्डावरची जागाही मिळाली असती. मध्ये एक पोरगी चोर ठरली तर ठरली, तिच्या बापाचं नाव कटलं तर बरंच. आणि तिथं रोज फायली छापताना घड्याळाचं तुम्हाला पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून तर भंडारा उचलून तुम्ही एवढं मोजून-मापून बोललात. बारा दहाला मी तिथं नव्हतो. खरंच नव्हतात. खोटी आण घ्यायला तुमचा हात धजला नाही."

"बाई, तोंड सांभाळा!"

"सांभाळते. मी वकील नाही, पोलीस नाही. तुमच्याच देवापुढं तुमचीच रीत." तिनं पायरीवरची भंडाऱ्याची वाटी उचलून त्याच्यापुढं धरली. "पोरीनं काय म्हटलं होतं? फोल्डर मी घालवलं नाही, लपवलं नाही. तेवढंच म्हणा. तारीख नको, वेळ नको. मी आत्ता सगळ्यांपुढं तुमचे पाय धरून निघून जाते."

शंभूराजचा हात वाटीपर्यंत गेला. संगणक शिकवणारा, इस्त्रीचे शर्ट घालणारा माणूस, पण याच ओट्यावर त्याचं जावळ काढलं होतं. बोटं पिवळ्या पुडीच्या वर थांबली. त्यानं हात मागं घेतला.

"मी फोल्डर पुसलं तर नव्हतं ना," तो पुटपुटला. "वस्तीच्या भल्यासाठीच..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. चपला आल्या, शिव्या आल्या, वायर तुटली. दोन म्हाताऱ्यांनी त्याला देवळामागून काढून दिलं नसतं, तर त्या दिवशी वाईट झालं असतं.

गर्दी मग दीपमाळेकडं वळली. परवा आडव्या आलेल्या बायकाच आता पुढं होत्या. "पोरी, चुकलं गं आमचं," "म्या तर म्हनलंच होतं, पोरगी अशी न्हाय." राजेश्वरीला हसूही आलं आणि संतापही आला. तानूबाई लांबच उभी राहून रडत होती. तिला पुढं यायची लाज वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती.

आबाजी भंडाऱ्याची वाटी घेऊन लेकीपाशी आले. चिमूट भरली आणि तिच्या कपाळाकडं नेली.

प्रतिक्षानं त्यांचं मनगट धरलं. घट्ट नाही, पण हात तिथंच थांबला.

"आबा, गुरुवारी म्या ह्योच भंडारा उचलला हुता. देवाची आन घेऊन सांगितलं हुतं. तवा तुमी उठून गेला. सरांनी तारीख सांगितली, ती तुमास्नी खरी वाटली." ती रडत नव्हती. "आज मशीननं टाइम दावला म्हणून लावताय. माझ्या सांगन्यावर लावला असता, तर लावून घेतला असता."

तिनं त्यांचं मनगट सोडलं. आबाजींच्या चिमटीतला भंडारा त्यांच्याच धोतरावर सांडला.

"उद्या इंदापूरला मी बोलनार," ती सगळ्यांकडं वळून म्हणाली. "फोल्डर मी उघडनार, पानं मी दावनार. तुमी सगळ्यांनी माझ्या म्हागं बसायचं. पानी तुमचं हाय म्हणून येते. तुमच्यासाठी न्हाय."

मग ती राजेश्वरीच्या स्कूटीवर मागं बसली. राजेश्वरीनं पर्समधून पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला.

"परवा मीही तुला विचारलं," राजेश्वरी पुढं बघतच म्हणाली. "तेही चुकलंच."

"व्हय," प्रतिक्षा म्हणाली. "चुकलंच." मग मुठीतल्या पेनड्राइव्हकडं बघत तिनं विचारलं, "ताई, ह्यात किती हायत्या?"

"तीनशे बारा."

"दुकानात गेल्यावर मी मोजनार."

राजेश्वरीनं गाडी सुरू केली.